परराज्यातली नोकरी: पगार वाढतो, पण हातात किती उरतं?

कोल्हापूर परिसरातल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून बेंगळुरू, होसूर, राजकोटकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गाव सोडावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. राजीनामा देण्याआधी कोणते आकडे कागदावर यायला हवेत, ते मात्र इथं सविस्तर सांगत आहोत.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी सेटर आहे, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन कामासाठी लावून देतो. वय २७, लग्न झालेलं नाही, घर स्वतःचं. हातात २४ हजार येतात. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या कंपनीनं ६ लाखांचं पॅकेज देऊ केलंय. घरचे म्हणतात, दुप्पट पगार आहे, जा. खरंच दुप्पट आहे का?

नाही. ६ लाख भागिले १२ म्हणजे महिना ५० हजार, हा हिशेब जवळपास सगळे करतात आणि तिथंच फसतात. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुम्ही वर्षाला किती रुपयांना पडता तो आकडा. त्यातले बरेच पैसे तुमच्या खात्यावर दरमहा येतच नाहीत.

ऑफर लेटरसोबत पगाराची फोड मागून घ्या. समजा मूळ पगार म्हणजे बेसिक २० हजार आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,४००, तो सीटीसीत धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ९६२ रुपये धरतात आणि ते सहसा पाच वर्षं टिकलात तरच मिळतात. गट विम्याचा हप्ता ५०० धरा. वर्षाअखेरचा 'परफॉर्मन्स बोनस' ६० हजार दाखवला असेल तर दरमहाचे ५ हजार त्यात गेले. ५० हजारांतून हे सगळं वजा केल्यावर राहतात ४१,१३८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ३८,५३८. कंपनीची बस आणि कँटीन यांचे दीड हजार कापत असतील तर हातात ३७ हजार. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापतात. तेव्हा कपात १,८०० होते आणि हातात थोडं जास्त येतं. आयकराची काळजी इथं नाही, कारण नव्या करपद्धतीत एवढ्या पगाराला कर लागत नाही. त्यामुळं 'घरभाड्यावर कर वाचेल' असं कुणी सांगितलं तरी ते हिशेबात धरू नका. नव्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलतच नाही.

आता खर्च. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, ते खोडून तुमचे लिहा. एकट्यानं वन बीएचके घेतला, भाडं १४ हजार, मेंटेनन्स दीड हजार. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट अडीच हजार. जाण्यायेण्याचे २ हजार. जेवणखाण ९ हजार. मोबाइल आणि औषधपाणी दीड हजार. गणपती, दिवाळी, जोतिबाची यात्रा, भावकीतली लग्नं यांसाठी गावी येण्याचा खर्च वर्षाचा काढून बाराने भागला तर आणखी दीड हजार. बेरीज ३२ हजार. उरले ५ हजार.

कोल्हापुरात २४ हजारांतून घरी ६ हजार दिले, पेट्रोलला अडीच आणि वरखर्चाला ३ हजार गेले, तर उरतात साडेबारा हजार. म्हणजे पगार १३ हजारांनी वाढूनही शिल्लक निम्म्याहून कमी झाली! तेच घर दोघांत घेतलं की भाडं आणि मेंटेनन्सचे ७,७५० वाचतात आणि शिल्लक पुन्हा कोल्हापूरएवढी, १२,७५० वर येते. अविवाहित माणसाचा सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे: भाडं वाटून जाणार की नाही.

हा हिशेब घाबरवण्यासाठी दिलेला नाही. फोर-ॲक्सिस किंवा फाइव्ह-ॲक्सिस (चार-पाच अक्षांवर फिरून कापणारं) मशीन, मोठ्या कंपन्यांचे ऑडिट, नवं प्रोग्रॅमिंग शिकायला मिळणार असेल, तर दोन वर्षं शिल्लक कमी राहिली तरी जाण्यात अर्थ आहे. पण मग मुलाखतीतच विचारून घ्या. पद ऑपरेटरचं की सेटरचं? मशीनचा कंट्रोलर फानुकचा की सिमेन्सचा? ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, कोण देणार, पहिला नग कोण पास करणार? शिफ्ट आठवड्यानं बदलते की पंधरवड्यानं? ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट असतो, पण तो कशावर धरतात, बेसिकवर की पूर्ण पगारावर, हे आधी स्पष्ट करून घ्या. 'ओटी (ओव्हरटाइम) धरून चाळीस पडतील' असं तोंडी सांगितलं तर ओटीशिवायचाच आकडा धरायचा. ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी ओटी बंद होतो.

आणखी एक बेरीज करा: पहिल्या दिवसापासून पहिल्या पगारापर्यंत हातात किती रोकड लागेल. वरच्याच नमुन्यानं भाडं १४ हजार, पाच महिन्यांचं डिपॉझिट ७० हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं १४ हजार, करारपत्र दीड हजार, सामान नेणं १० हजार, गादी-शेगडी-भांडी १५ हजार, महिन्याचा खर्च साडेसोळा हजार. झाले १ लाख ४१ हजार. पगाराची हजेरी बऱ्याच ठिकाणी २० किंवा २५ तारखेला बंद होते. त्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी मिळतो. ही रक्कम जवळ नसेल तर पहिले एक-दोन महिने पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) काढा. सोनं गहाण टाकून डिपॉझिट भरू नका.

प्रश्न : कंपनी खरी आहे का, पगार वेळेवर देते का, हे इथं बसून कसं कळणार? ऑफर एका एजन्सीच्या लेटरहेडवर आली आहे.

एजन्सीचं लेटरहेड म्हणजे तुम्ही बहुधा ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असणार, कंपनीच्या नाही. यात बेकायदा काही नाही. पण बढती, बोनस, वार्षिक वाढ आणि नोकरीची हमी या चारही गोष्टी बदलतात. स्पष्ट विचारा, 'पीएफ कोणाच्या कोडवर जमा होणार?' उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा.

नाव कळलं की तीन ठिकाणी तपासा आणि तिन्ही फुकट आहेत. पहिलं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची नोंदणी, पत्ता आणि ती 'ॲक्टिव्ह' आहे का ते दिसतं. दुसरं, जीएसटी पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकला की व्यवसायाचं नाव आणि नोंदणी चालू की रद्द हे कळतं. तिसरं आमच्या मते सगळ्यात उपयोगाचं, आणि फार थोडे लोक ते वापरतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या संघटनेच्या, पोर्टलवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे. तिथं आस्थापनेचं नाव टाकून पैसे भरल्याचा तपशील उघडला की दर महिन्याला किती कामगारांचा पीएफ किती तारखेला भरला ते दिसतं. मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. एखादी कंपनी सलग दोन-दोन महिने उशिरा भरत असेल तर तिथं पगारालाही उशीर होत असावा, असं समजून चौकशी वाढवा. मुलाखतीत 'आमच्याकडं ३०० माणसं आहेत' म्हणाले आणि पीएफ ४० जणांचाच भरला जात असेल, तर उरलेले ठेक्यावर आहेत किंवा नोंदीतच नाहीत.

यानंतर माणसांना विचारा. लिंक्डइनवर त्या कंपनीचं नाव टाकून सध्या काम करणाऱ्यांपेक्षा सोडून गेलेल्यांना गाठा. ते मोकळेपणानं बोलतात. 'कंपनी कशी आहे?' असं विचारलं की 'चांगली आहे' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा 'पगार कोणत्या तारखेला व्हायचा? सोडल्यावर हिशेब किती दिवसांत मिळाला?' असं विचारा.

इथली नोकरी सोडताना रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र हातात घ्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली का तेही पाहा. मालकानं नोंदवली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून जुनी रक्कम नव्या खात्यात वळवा, काढू नका. पाच वर्षं सलग भरण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर हैदराबादच्या कंपनीचं जॉइनिंग लेटर आलं. मुलाखत फोनवरच झाली. 'लॅपटॉप आणि गणवेशाचे ४,५०० भरा, पहिल्या पगारात परत देऊ' म्हणतात.

भरू नका. नोकरी देण्याआधी उमेदवाराकडून पैसे मागणारी कंपनी नव्हे, टोळी असते. पत्र खरं वाटलं तरी ईमेलचा पत्ता पाहा. कंपनीच्या स्वतःच्या नावाऐवजी जीमेलवरून आलं असेल तर विषय संपला. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन थेट एचआरला फोन लावा, पत्रावरच्या नंबरला नको. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

प्रश्न : बेंगळुरूत घर कसं शोधायचं? आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. ॲपवर भाडी बघून गोंधळ उडतो. 'ॲडव्हान्स', 'लीज' हे काय प्रकरण आहे? (राजारामपुरी)

शहराचं भाडं शोधू नका, कामाच्या ठिकाणापासूनचं भाडं शोधा. बेंगळुरू शहर एवढं पसरलंय की पीण्यात काम आणि व्हाइटफील्डला घर म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोजची ये-जा. मेट्रोचा नकाशा समोर घ्या. पीण्यासाठी ग्रीन लाइन: जालहळ्ळी, दासरहळ्ळी, नागसंद्रा, पुढं मादावरपर्यंत. बोम्मसंद्रा किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत काम असेल तर यलो लाइन, ती आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. व्हाइटफील्डसाठी पर्पल लाइन. कामाच्या लाइनवरची चार-पाच स्टेशनं निवडा आणि स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली घरंच पाहा. होसूरला नोकरी असेल तर लक्षात ठेवा, होसूर बेंगळुरूला लागून असलं तरी तमिळनाडूत येतं. तिथं राहिलात तर शाळा, गाडी आणि भाडेकायदा सगळं तमिळनाडूचं.

निवडलेल्या भागातल्या किमान बारा घरांचे आकडे वहीत उतरवा. भाडं, मेंटेनन्स, डिपॉझिट, पाणी, पार्किंग असे रकाने करा. सगळ्यात स्वस्त दोन आणि सगळ्यात महाग दोन खोडा. उरलेल्या आठांची सरासरी हे त्या भागाचं खरं भाडं. सरासरीहून फारच स्वस्त घर बहुधा नुसतं फोटोत असतं. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, किल्ली वॉचमन देईल' ही जुनी फसवणूक आहे. घर पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, आणि 'पैसे घेण्यासाठी' म्हणून कुणी पाठवलेला क्यूआर कोड कधीच स्कॅन करायचा नाही.

आता शब्द. तिथं 'ॲडव्हान्स' म्हणजे आपलं डिपॉझिट, एक महिन्याचं आगाऊ भाडं नव्हे. बेंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत सर्रास मागत. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते, तेव्हा घासाघीस जरूर करा. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापण्याची तिथं रीत आहे. ती करारात लिहिलेली असते आणि आपले लोक ती शेवटी वाचतात. वर्षाच्या आत सोडलं तर नको, किंवा खरा खर्च दाखवून कापा, असं सहीआधी लिहून घ्या.

'लीज' हा पूर्ण वेगळा व्यवहार आहे. घरमालकाला एकदम मोठी रक्कम, काही लाख, द्यायची. महिन्याचं भाडं नाही, आणि मुदत संपली की सगळी रक्कम परत. ऐकायला फार गोड वाटतं. अडचण अशी की ती रक्कम मालकानं दुसरीकडं गुंतवलेली असते, किंवा त्या घरावर बँकेचं कर्ज असतं. कर्ज थकलं तर बँक घराचा ताबा घेते आणि तुमची रक्कम अडकते. नवख्यानं पहिल्या वर्षी लीजच्या वाटेला जाऊच नये. कधी जायचंच झालं तर कर्नाटक सरकारच्या 'कावेरी ऑनलाइन' पोर्टलवरून मालमत्तेचा बोजा दाखला (घरावर कर्ज आहे का ते दाखवणारा) काढून, करार नोंदणीकृत करूनच.

पाण्याचं विचारल्याशिवाय बेंगळुरूत घर घ्यायचं नाही. पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं बोअर आटल्या आणि बाहेरचे भाग टँकरवर आले. विचारा: कावेरी नदीचं नळाचं पाणी येतं की बोअरचं? आठवड्यातून किती दिवस? टँकर आला तर पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे? मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. वीजमीटर स्वतंत्र आहे का तेही बघा. कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकांना ठरावीक मर्यादेपर्यंत वीज मोफत आहे आणि भाडेकरूही त्यात येतात, पण त्यासाठी मीटर स्वतंत्र हवा. मालकानं एकाच मीटरवर चार खोल्या काढून युनिटचा दर स्वतः ठरवला असेल तर हा फायदा मिळत नाही.

बघायला जाताना तीन दिवस काढा. गुरुवारी रात्रीची बस धरा, किंवा मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. शुक्रवारी, कामाच्या दिवशी, शिफ्टच्या वेळेला घर ते गेट हे अंतर प्रत्यक्ष जाऊन मोजा, कारण रविवारी मोजलेलं अंतर फसवं असतं. शनिवारी घरं पाहा आणि गल्लीत पायी फिरा. 'टू-लेट'च्या पाट्या ॲपवर येत नाहीत आणि तिथं एजंटचे पैसे वाचतात. 'बाडिगे एष्टु?' म्हणजे भाडं किती, 'नीरु' म्हणजे पाणी, 'मने' म्हणजे घर. एवढे तीन शब्द आले तरी समोरचा माणूस मोकळा होतो. शिकायची तयारी आहे हे त्याला दिसतं. रविवारी आवडलेल्या दोन घरांत रात्री आठनंतर परत जा. पाण्याचा दाब, डास, रस्त्यावरचे दिवे आणि शेजार दिवसा कळत नाही. मुलगी लहान आहे, म्हणून बालवाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हेही याच फेरीत पाहून घ्या.

करार सहसा ११ महिन्यांचा असतो. लॉक-इन (घर सोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा आहे, नोटीस किती, भाडेवाढ किती टक्के आणि अनामत घर रिकामं केल्यापासून किती दिवसांत परत, हे चार मुद्दे आकड्यांत हवेत. 'योग्य वेळेत' असं लिहिलं असेल तर खोडून '१५ दिवसांत' लिहायला लावा. मालकाच्या नावाची मालमत्ता कराची पावती पाहा. अनामत रोख देऊ नका, त्याच नावाच्या बँक खात्यात भरा. ताबा घेताना भिंती, नळ, फरशी, पंखे यांचा तारखेसह व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

तमिळनाडूत २०१७ च्या भाडेकायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. होसूर किंवा कोइमतूरला जाणाऱ्यांनी घासाघीस करताना हे सांगावं.

प्रश्न : जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेली नर्स आहे, सहा वर्षांचा अनुभव. बेंगळुरूच्या खासगी रुग्णालयात नोकरी मिळतेय. नोंदणीचं काय? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार म्हणतात.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कर्नाटकात काम करायला पुरत नाही. मुंबईतल्या याच कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी करावी लागते. तुमचं इथलं नूतनीकरण थकलं असेल तर ना-हरकत अडते, म्हणून आधी ते करा. सगळं व्हायला वेळ लागतो. तेव्हा राजीनामा देण्यापूर्वीच अर्ज टाका आणि नोंदणी होईपर्यंत कोणत्या पदावर, किती पगारावर घेणार हे रुग्णालयाकडून लेखी घ्या. काही ठिकाणी तोवर शिकाऊचा पगार देतात. फार्मासिस्टांनाही राज्य बदललं की असंच करावं लागतं.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडंही ठेवायची नाहीत. दाखवायची, साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ परत घ्यायची. ती दोन वर्षांच्या बाँडसाठी अडकवून ठेवणाऱ्या ठिकाणी पुढं सुटीसाठीही भांडावं लागतं. वसतिगृह देत असतील तर त्याचे पैसे पगारातून किती कापतात ते विचारा. रात्रपाळीनंतर झोपायला स्वतंत्र खोली आहे का, हेही तितकंच महत्त्वाचं.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतो. कंपनी पुढच्या जूनमध्ये बेंगळुरूला बोलावतेय. सगळ्यांनी जावं की मी एकट्यानं? (कसबा बावडा)

या प्रश्नाचं उत्तर जरा जपून ऐका, कारण यात झालेली चूक चार वर्षांनी कळते आणि तेव्हा दुरुस्त होत नाही.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या राज्य कोट्यासाठी, शासकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा असतात त्या कोट्यासाठी, सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि शिवाय अधिवास प्रमाणपत्र लागतं. मुलगा नववीपासून बेंगळुरूत शिकला की ही अट मोडते. मग कर्नाटकचा कोटा? तिथं साधारण नियम असा की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं. नववी ते बारावी चारच वर्षं भरतात. म्हणजे मुलगा दोन्ही राज्यांच्या कोट्यातून बाहेर पडतो आणि त्याच्यासाठी १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा आणि महागडी अभिमत विद्यापीठं नि खासगी महाविद्यालयांतल्या महागड्या जागाच उरतात. केंद्र सरकारी नोकरीतल्या पालकांची बदली वगैरेंसाठी अपवाद आहेत, खासगी नोकरीसाठी ते गृहीत धरू नका.

म्हणून आमचं स्पष्ट मत: मुलाचं वैद्यकीयचं नक्की असेल तर बारावी होईपर्यंत कुटुंब कोल्हापुरातच ठेवा. दोन चुलींचा खर्च पॅकेजमध्ये बसतो का, ते पहिल्या उत्तरातल्या पद्धतीनं काढा. नसेल बसत तर ही ऑफर तुमच्यासाठी नाही. अभियांत्रिकीला महाराष्ट्रात पालकाच्या अधिवासाचा मार्ग असतो, त्यामुळं तिथं एवढी कोंडी होत नाही. दोन्ही राज्यांची प्रवेश पुस्तिका दरवर्षी बदलते, ती चालू वर्षाची वाचा.

धाकटी मुलं असतील तर आणखी एक: कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं आहे. पहिली-दुसरीतलं मूल सहा महिन्यांत बोलू लागतं, सातवीतल्याला शिकवणी लावावी लागते. आणि आरक्षणातून नोकरी पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्या, महाराष्ट्रातलं जातीचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या सरकारी भरतीत राखीव जागेसाठी चालत नाही, जातीचं नाव तिथल्या यादीत असलं तरीही.

प्रश्न : फाउंड्रीत मोल्डिंग सुपरवायझर आहे. राजकोटहून बोलावणं आहे. (गोकुळ शिरगाव)

कास्टिंगच्या धंद्यात राजकोट मोठं ठिकाण आहे, तुमच्या कामाला तिथं किंमत आहे. कारखाना नेमका कुठं हे विचारा. मेटोडा कालावड रोडला आणि शापर-वेरावळ गोंडल हायवेला, दोन्ही शहराबाहेर आणि वेगवेगळ्या दिशांना. सिंगल शिफ्टची फाउंड्री उशिरापर्यंत चालते आणि परत यायला रिक्षा मिळत नाही, तेव्हा घर त्याच बाजूला घ्या. रिजेक्शनचा टक्का तुमच्या पगाराला किंवा बोनसला जोडलाय का, आणि वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) नि पॅटर्न (साच्याचा नमुना) यांच्या निर्णयात तुमचं चालणार का, हे आधी ठरवा. मालाचा दर्जा दुसऱ्याच्या हातात आणि रिजेक्शन तुमच्या माथी, असं होता कामा नये. घराचं म्हणाल तर तिथल्या अनेक सोसायट्यांत मांसाहार करणाऱ्यांना घर देत नाहीत. रविवारी घरी तांबडा-पांढरा होतच असेल तर एजंटला पहिल्याच फोनवर सांगा, लपवून राहू नका. सहा महिन्यांत घर सोडायला लागलं तर अनामत आणि लॉक-इन दोन्हींत मार बसतो.

प्रश्न : एमएच-०९ ची दुचाकी आणि कार दोन्ही न्यायच्या आहेत. शिवाय गॅस, सामान?

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची. कर्ज असेल तर बँकेचं पत्र, थकलेले ई-चलन भरलेले, विमा आणि पीयूसी चालू हवेत. ना-हरकत विशिष्ट आरटीओच्या नावे निघते, म्हणून घर पक्कं झाल्यावरच अर्ज करा. बेंगळुरूत यशवंतपूरचं केए-०४ वेगळं, इलेक्ट्रॉनिक सिटीचं केए-५१ वेगळं. मग तिथं फॉर्म २७ देऊन गाडीच्या वयानुसार कर भरायचा आणि त्या पावतीवर महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला हिस्सा परत मागायचा. लोक हा परतावा मागायलाच विसरतात. कर्नाटकात कारवरचा कर भारी आहे, तेव्हा आधी आकडा काढा. आठ-दहा वर्षांची दुचाकी इथंच विकून तिथं दुसरी घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दुचाकी न्यायचीच तर कोल्हापूरच्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर पार्सल कार्यालयात थेट रेल्वेगाडीची आणि पोहोचण्याच्या दिवसांची चौकशी करा. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी, आणि गोणपाटानं बांधून त्यावर नाव-पत्ता लिहिलेला पुठ्ठा शिवायचा.

सामानासाठी तीन दर घ्या. बेंगळुरूहून माल टाकून परतणारी 'रिटर्न गाडी' ट्रान्सपोर्टवाल्याकडं मिळाली तर भाडं बरंच उतरतं. पॅकर्सकडं गेलात तर वस्तूंची यादी, जीएसटीचं बिल, बिल्टी (माल गाडीत चढवल्याची वाहतूकदाराची पावती) आणि वाटेतल्या नुकसानीचा विमा हे चारही कागद गाडी हलण्याआधी हातात घ्या. फोनवर कमी दर सांगून सामान चढवल्यावर जास्त मागणं हीच या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे, म्हणून दर मजला आणि लिफ्टसह लेखी घ्या आणि निम्मे पैसे सामान उतरल्यावर द्या.

गॅस सिलिंडर सोबत न्यायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या वितरकाकडं जमा करून अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या. तो कागद आणि नवा भाडेकरार दाखवला की तिथला वितरक त्याच नावानं जोडणी देतो. फक्त शेगडी आणि गॅसचं पुस्तक घेऊन जायचं. रेशन कार्ड अन्नसुरक्षा यादीतलं असेल तर ते रद्द करू नका, अंगठा देऊन धान्य तिथल्या दुकानातही मिळतं.